म्हसोबाचा कोहळा

आक्का आमच्या घरी येते तेव्हा तिच्या पिशवीत तिचं पाणी असतं. घोटीहून एसटीने निघायचं, नाशकात उतरायचं, दोन रिक्षा बदलून आमच्या मळ्यापर्यंत यायचं, आणि एवढं करून ओसरीत टेकल्यावर मी तांब्या पुढे केला की म्हणायचं, "हाय माझ्याकडं." मग पिशवीतून प्लास्टिकची बाटली निघते. बाटलीमागोमाग डबा. डब्यात तिच्या शेतातल्या इंद्रायणीचा भात आणि शेंगदाण्याची चटणी. माझ्या ताटात माझी भाजी-भाकरी, तिच्या डब्यात तिचा भात, आणि तोंडं एकमेकींकडे करून बसलेल्या आम्ही दोघी सख्ख्या बहिणी.

आई दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची, त्यामुळे मला वाढवलं ते आक्कानेच. वेणी तिनेच घातली, उवा तिनेच काढल्या, शाळेत पोरींनी चिडवलं तर त्यांच्या घरी जाऊन भांडलीही तीच. मी जेवताना भारी कुरकुर करायचे. माझ्या ताटात उरलेलं ती खायची आणि तिच्या ताटातला चांगला घास माझ्या तोंडात कोंबायची. त्या बाईला माझ्या घरचं पाणी चालेना, याची मला सवय होईल असं सगळे म्हणत होते. मला नाही झाली. दर वेळी बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला की मी पुढे केलेला तांब्या उचलून आत नेते.

कारण साधं आहे. आक्का माळकरी झाली आणि आम्ही खाणारे राहिलो. त्यातही नुसतं रविवारचं मटण असतं तर तिने कदाचित डोळेझाक केली असती, पण आमच्या बांधावर म्हसोबा आहे. बोरीखाली शेंदूर लावलेला गुडघाभर दगड. दरवर्षी आखाडात, झेंडूची रोपं लावायला घेण्याआधी, त्याला कोंबडा द्यायचा. माझ्या सासऱ्यांच्या आधीपासून ते चालत आलंय. कोंबडा माझा नवरा कापतो, रस्सा मी करते, पहिलं ताट म्हसोबाला, मग आम्हाला.

माझा त्याच्यावर विश्वास आहे का? हा प्रश्न मला कोणी विचारला की मी रोपांना पाणी द्यायला निघून जाते. नवी नवरी असताना मी सासूबाईंना विचारलं होतं, की आत्या, हा दगड खरंच काही करतो का? त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "देव आहे का नाही ते आपण बघायचं नसतं. नैवेद्य वेळेवर जातो का, तेवढं बघायचं." मला ते तेव्हा पटलं आणि आजही पटतं, पण याला विश्वास म्हणतात का ते मला ठाऊक नाही. एवढं खरं, की एका वर्षी आजारपणामुळे नैवेद्य चुकला, तर दसऱ्याला झेंडू कवडीमोल गेला. म्हसोबामुळे गेला का सगळ्यांनीच झेंडू लावला म्हणून गेला, हे मी आजतागायत ठरवू शकलेले नाही.

आक्काही पूर्वी खायची. आमच्या म्हसोबाच्या रश्श्यावर तर तिचा भारी जीव. आखाडात ती मुद्दाम यायची आणि कोंबड्याची नळी माझ्या नवऱ्याशी भांडून घ्यायची. मग तिचा थोरला मुलगा गेला. कावीळ झाली, गावातलं औषध झालं, मग नाशकात दवाखाना झाला, आणि तिथून त्याला घरी आणलं ते तसंच. लग्न ठरवायच्या वयाचा पोरगा. त्यानंतर आक्का कितीतरी दिवस दारातच बसून राहायची. तिला उठवलं ते गावातल्या सत्संगातल्या बायकांनी, हे मी मान्यच करते. आम्ही रडून आलो आणि आपापल्या घरी गेलो. त्या रोज यायच्या. वर्षभराने तिने गळ्यात माळ घातली.

आणि मग फोन सुरू झाले. दर रविवारी सकाळी, आमच्याकडे मसाला भाजायला घ्यायची वेळ आणि तिचा फोन एकच. "काय करतीस? जीव शिजवतीस ना? तुमचा त्यो म्हसोबा देव नाय, भूत हाय भूत. भुताची चाकरी करून पाप बांधताय घरादाराला. नरकात बी जागा मिळायची नाय तुला."

आता माझ्या स्वभावाची गोष्ट सांगायला हवी. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. फुलबाजारात माझ्या क्रेटमधली फुलं उचकून भाव पाडणाऱ्याला मी चार लोकांत असं बोलते की पुढच्या खेपेला तो दुरूनच नमस्कार करतो. अशी मी, आक्का नरकात जागा देत नाही म्हणते तेव्हा गप्प. "बरं आक्का," म्हणते. "हो आक्का," म्हणते. "पोरं कशी आहेत?" म्हणून विषय बदलते. शेजारीण म्हणते, कमाल आहे बाई तुझी, किती शांत राहतेस! मी असते तर अरेला कारे केलं असतं. पण ते शांत राहणं नव्हतं. मला काय बोलावं हेच सुचत नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, त्याला लोक शांती म्हणत होते.

एकदा मात्र मी बोलले, तेही आक्काला नाही. तिच्या थोरल्याच्या श्राद्धाला घोटीला गेले होते. जेवणं झाल्यावर सत्संगातल्या बायका ओटीवर बसल्या आणि त्यांनी मला मधे घेतलं. एकजण म्हणाली, "तुम्ही अजून भूत पूजता म्हणं?"

मी म्हटलं, "असेल बाई भूत. आमच्या बांधावर असतं. तुमच्या बांधावर येतं का कधी?"

"येत नाय, पण..."

"मग राहू द्या की त्याला तिथं. गरीब आहे बिचारं."

दोघी-तिघी हसल्या. विचारणारीसुद्धा हसली आणि तिने मला सुपारी दिली. मला वाटलं, जमलं. न भांडता, न चिडता उत्तर दिलं. पण आक्का हसली नाही. उठून आत गेली. मी मागोमाग स्वयंपाकघरात गेले, तर ती कोरड्या पातेल्याला नारळाच्या काथ्याने घासत होती.

"चेष्टा करतीस," ती म्हणाली. "तुला चेष्टा सुचती. आमच्या सत्संगातल्या महाराजांनी काय सांगितलं ठावं हाय? ज्याच्या चुलीवर जीव शिजतो, त्याच्या घरातला जीव देव मागून घेतो. माझ्या चुलीवर काय कमी शिजले का? माझा गेला. तुझी दोन पोरं हायेत अजून. तुला कळतंय का मी काय म्हणती?"

कळलं. पहिल्यांदाच कळलं, आणि कळून मी जास्तच गोंधळले. इतके रविवार मला वाटत होतं की आक्का मला पापी म्हणतेय. ती मला पापी म्हणत नव्हती, ती घाबरली होती. माझ्या पोरांसाठी घाबरली होती. आणि तिच्या पोराला कोणी नेलं, याचं उत्तर तिला सापडलं होतं. तिनेच नेलं. तिने खाल्लेल्या कोंबड्यांनी नेलं.

आता अशा माणसाला काय सांगायचं? महाराज चूक आहेत म्हणावं, तर तिच्या हातातलं एकुलतं एक कारण काढून घ्यायचं. मग पोरगा उगाचच गेला, असं होतं. आणि बरोबर आहे म्हणावं, तर होय आक्का, तुझं पोर तुझ्या तोंडाच्या चवीपायी गेलं, असं म्हटल्यासारखं होतं. इकडे आड, तिकडे विहीर. मी तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि घासू लागले. रात्रीच्या आत घर गाठायचं होतं म्हणून मग निघाले. एसटीत खिडकीशी बसून मला महाराजांचा इतका राग आला की शेजारची बाई सरकून बसली. पण त्याच महाराजांच्या बायकांनी तिला दारातून उठवलं होतं. रागसुद्धा धड करता येईना.

गेल्या आखाडात मला एक युक्ती सुचली. मी स्वतःवर भलतीच खूश झाले होते. कोंबड्याऐवजी म्हसोबाला कोहळा द्यायचा! पुष्कळ ठिकाणी देतात. वास्तुशांतीला देतात, दुकानाच्या मुहूर्ताला देतात. जीव जात नाही आणि देवाचा मानही राहतो. मी नवऱ्याला सांगितलं.

तो विचारात पडला. "म्हसोबाला विचारलंस का?"

"तुम्ही विचारा. तुमच्या घरचा आहे."

"मला बोलत नाही तो," नवरा म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून चांगला पांढरी राख धरलेला कोहळा घेऊन आला. भाजीच्या पिशवीत मावेना म्हणून त्याने तो गाडीवर मांडीत धरून आणला होता.

मी आक्काला फोन लावला. "आक्का, यंदा कोंबडा नाही."

मला वाटलं फोन कट झाला.

"खरं?"

"तुझी शप्पथ. तू ये. आणि डबा आणू नको. पुरणपोळी करते."

"येती," ती म्हणाली. "जेवती तुझ्याकडं." आणि मग आक्का फोनवर रडली. कोहळ्याचं मी सांगितलं नाही. म्हटलं, आल्यावर बघेल आणि आनंद होईल तिला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, ते इथेच.

त्या दिवसासाठी मी घर काय घासलं! मटणाची पातेली बांधून माळ्यावर टाकली, नवा तवा आणला, नवा तांब्या आणला. माझ्या थोरल्याला म्हटलं, आज तुझा डबा नाही, कंपनीतच जेव, माझं पुरण शिजतंय. तो सातपूरला कामाला असतो, पहिल्या पाळीला गेला. धाकटा पुण्याला शिकायला. घरात आम्ही दोघंच. पुरण वाटून झालं, कणिक भिजली, आणि आक्का आली. पिशवीत बाटली नव्हती. मी नव्या तांब्यातून पाणी दिलं, ती घटाघटा प्यायली, आणि मला वाटलं, संपलं सगळं. माझी आक्का मला परत मिळाली.

"पाव्हणं कुठं हायेत?"

"बांधावर. म्हसोबाची पूजा करतायत. चल, बघायला चल."

पाऊस उघडला होता, पण बांध निसरडा होता. मी तिचा हात धरला होता. बोरीखाली नवऱ्याने दगडाला ताजा शेंदूर लावला होता, उदबत्ती लावली होती. समोर पाटावर कोहळा. त्याच्यावर कुंकवाची पाच बोटं ओढलेली, हळद टाकलेली. बाईने कोहळा चिरायचा नसतो, पहिली सुरी पुरुषाने लावायची असते, हे मला माहेरापासून ठाऊक. बाईने का लावायची नसते, हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं. नवऱ्याने आमची वाट बघून कोयता उचलला.

"थोरला कुठाय?" आक्का म्हणाली.

मला कळेना. "कोण थोरला?"

"तुझा थोरला. कुठाय?"

"कंपनीत गेलाय. का?"

"फोन लाव त्याला."

"आक्का, आत्ता पाळीत असेल, फोन..."

"लाव म्हणती ना!"

तिचा आवाज ऐकून नवऱ्याने कोयता खाली केला. मी फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. आक्का कोहळ्याकडे बघत होती. तिचा चेहरा बघून मीही घाबरले. मला माहीत होतं की पोरगा मशीनपाशी आहे, फोन खणात आहे, तरी घाबरले.

"आई काय सांगायची?" आक्का म्हणाली. "बाईनं कोहळा का चिरू नाय? कोहळा म्हणजे घरातला थोरला ल्योक. आईनं आपल्या लेकरावर सुरी धरायची नाय. विसरलीस?"

विसरले होते. खरंच विसरले होते. ती म्हणाली आणि आईचा आवाज कानात आला, शब्दन् शब्द. भाजीला कोहळा आला की आई शेजारच्या काकांना हाक मारायची, ते येऊन सुरी टेकवून जायचे, मग आई चिरायची. आक्का तेव्हा मोठी होती, तिने कारण विचारलं असणार. मी लहान होते, मी फक्त वड्या खाल्ल्या.

आक्का चिखलातच खाली बसली. तिने तो कुंकू लावलेला कोहळा पाटावरून उचलून मांडीवर घेतला. पदराने कुंकू पुसायला लागली. आणि म्हणाली, "त्यापेक्षा कोंबडा कापायचा होतास गं."

माळ घातलेली माझी बहीण म्हणाली हे. मी उभी. नवरा कोयता पाठीमागे लपवून उभा. मला हसू येत होतं का रडू, तेही कळत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. थोरलाच. "आई, काय झालं? दोन मिस कॉल?" आक्काने फोन माझ्या हातातून ओढून घेतला.

"कुठं हाईस?"

"कोण, मावशी? कंपनीत. आत्ता जेवणाची सुट्टी झाली."

"जेवलास?"

"बसलोय जेवायला. का गं?"

"काय नाय. जेव. पोटभर जेव," ती म्हणाली आणि फोन मला दिला. हाताचं कुंकू फोनला लागलं होतं.

म्हसोबाला त्या वर्षी नुसता नारळ मिळाला. नवरा फोडताना पुटपुटला, "रागावू नको बाबा, बायकांचं चाललंय." आक्का जेवायला बसली. अर्धी पोळी तिने कशीबशी खाल्ली आणि उरलेली माझ्या ताटात ठेवली. मी ती खाल्ली. जाताना कोहळा तिने मागून घेतला. मी म्हटलं, एवढं ओझं कशाला, तर म्हणाली, "तुझ्याकडं नको राहायला." एसटीत ती मांडीवर कोहळा घेऊन बसली आणि खिडकीतून माझ्याकडे बघत राहिली.

मला वाटलं होतं की या सगळ्यानंतर काहीतरी एक ठरेल. तिचं खरं का माझं, म्हसोबा देव का भूत, आईचं खरं का महाराजांचं. काही ठरलं नाही. पुढच्या खेपेला आक्का आली तेव्हा पिशवीत बाटली होती आणि डबाही होता. मी तांब्या पुढे केला, ती म्हणाली, "हाय माझ्याकडं." कोहळा तिच्या घरी धान्याच्या खोलीत ठेवलाय. कोणी चिरत नाही, कोणी टाकत नाही. मी कधीमधी विचारते, "कोहळा कसा आहे?" ती म्हणते, "हाय." आता पुन्हा आखाड जवळ आलाय. नवरा रोज संध्याकाळी विचारतो, यंदा काय द्यायचं म्हसोबाला? मी रोपांना पाणी द्यायला निघून जाते.

रविवारचे फोन चालूच आहेत. मसाला भाजायला घेतला की वाजतो. भूत, पाप, नरक, सगळं तेच, त्याच क्रमाने. शेजारीण अजून म्हणते, किती शांत आहेस. मी ऐकून घेते आणि मग मधेच सांगते, "आक्का, थोरला घरी आहे. आत्ताच उठलाय. बसेल आता जेवायला."

तिकडे नरक अर्ध्यावरच राहतो. रविवारी आमच्याकडे जेवायला काय असतं, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार?

"बरं," आक्का म्हणते. "पोटभर वाढ त्याला."